विहिरीत गारा लागल्या, पाणी कधी लागेल?

"मावशी, नमस्कार. आमचं वावर साडेचार एकर, कोरडवाहू. औंदा इहीर खोदाले घेतली. वीस फुटावर मुरूम सरला अन् खडक लागला. सुरुंग लावला तं दगडाच्या पोटातून पांढऱ्या पांढऱ्या गारा निंघाल्या. काही अंड्याएवढ्या, काही नारयाएवढ्या. एक फुटली तं आतून पोकय, अन् साखर सांडावी तशी चमकते. गावात बोभाटा झाला. एक फिरता व्यापारी आला, गोणीले तीनशे देतो म्हने. तालुक्याच्या गावचे एक महाराज म्हनतात हा चंद्रमणी हाये, पोराच्या पत्रिकेत चंद्र कमजोर हाये, चांदीत बसवून सोमवारी घालाचा. दगड आमचाच, पन सिद्ध कराचे चार हजार एकशे. पोराचा बारावीचा निकाल लागाचा हाये, रात्रभर झोपत नाही, चिडचिड करते. धाकटे दीर म्हनतात बचत गटातून साठ हजार काढू, दगड कापाची-घासाची मशीन घेऊ, घरीच खडे बनवू. सासूबाई म्हनतात गारगोट्याच त्या, धुऱ्यावर फेका. मले काही समजून नाही रायलं. तीन फोटो पाठवले हायेत. काय करू ते सांगजा. अन् इहिरीले पानी अजून लागलं नाही."

(यवतमाळ जिल्ह्यातली एक वाचक. नाव-गाव तिच्या सांगण्यावरून गाळलं आहे.)

बाई,

तुझ्या पत्रात चार जण बोलतात आणि त्यातलं सासूबाईंचं सगळ्यात खरं आहे. त्या गारगोट्याच. फक्त धुऱ्यावर फेकायची घाई नको, आणि बचत गटाचा अर्ज तर मुळीच भरू नका. का ते सांगते. पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू शेवटी, जाता जाता लिहिलंस. मीही त्याच्याकडे शेवटीच येणार आहे, पण ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

फोटो मोठे करून पाहिले. अख्ख्या गारांवर हिरवट-काळी साल आहे. फुटलेल्या गारेची कड दुधी, किंचित निळसर, आणि जिथे कपची पातळ आहे तिथे मागच्या बोटाची सावली दिसते. शिजत आलेला साबुदाणा कसा, ना धड पांढरा ना धड आरपार, तशी. चमक काचेसारखी लखलखीत नाही, मेण फासल्यासारखी आहे. ही कॅल्सेडोनी. क्वार्ट्झच्या, म्हणजे स्फटिकाच्याच घराण्यातली; दोन्हींचं द्रव्य सिलिका, जे नदीच्या वाळूतही असतं. स्फटिकाचे कोन डोळ्यांना दिसतात. कॅल्सेडोनीचे तंतू इतके बारीक, इतके दाटीवाटीने बसलेले, की साध्या भिंगातूनही सुटे दिसत नाहीत. उजेड त्या गर्दीत विखुरतो आणि दगड दुधी दिसतो. हिच्यावर पट्टे उमटले की तिला अकीक म्हणायचं, लोह मिसळून तांबूस झाली की कार्नेलियन. घर एकच, लुगडी वेगळी.

नारळाएवढ्या गारेच्या पोकळीत साखरेसारखं चमकतं ते मात्र डोळ्यांना दिसणारे स्फटिक. आणि तिसऱ्या फोटोत कोपऱ्यात जो पांढऱ्या सुयांचा झुबका आहे, ज्याच्याकडे तुमच्यापैकी कोणाचं लक्षच गेलेलं दिसत नाही, तो बहुधा झिओलाइट नावाचं वेगळं खनिज आहे. त्याच्याबद्दल पुढे बोलते.

आता ही मंडळी तुमच्या वावराखाली आली कुठून? तुमची काळी माती, तिच्याखालचा मुरूम आणि त्याच्याखालचा काळा खडक हे तिघं एकाच बापाचे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून पातळ लाव्हा बाहेर आला आणि भाकरीवर भाकरी रचावी तसा थरांवर थर पसरत गेला. आज उरलेला त्याचा पसारासुद्धा पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. बुलढाणा, अकोला, वाशीम, अमरावती, यवतमाळ, वर्धा या जिल्ह्यांचा बहुतेक भाग त्याच्यावरच बसलेला. नागपूरच्या पलीकडे तो सरतो. भंडारा-गडचिरोलीचा खडक वेगळा आणि कितीतरी जुना.

गुऱ्हाळावर कधी गेली असशील तर आठव. काहिलीतला पाक वाफ्यात ओतला की वर फेस येतो, आणि गूळ घट्ट व्हायला लागला की तो फेस तसाच अडकून बसतो. ढेप फोडली की वरच्या अंगाला जाळी, खालच्या अंगाला घट्ट गूळ. लाव्ह्याचंही तसंच झालं. त्यात कोंडलेले वायू बुडबुड्यांनी वर चढले, वरचा भाग आधी निवला आणि बुडबुडे जागच्या जागी अडकले. प्रत्येक थराचं वरचं अंग असं भोकाभोकांचं. हे ध्यानात ठेव, विहिरीचं बोलताना लागणार आहे.

ती भोकं मग पाण्याने भरली. लाव्हा निवल्यानंतर खडकातून झिरपणाऱ्या कोमट-गरम पाण्याने खडकातलीच सिलिका विरघळवून आणली आणि भोकांच्या भिंतीवर थोडी थोडी साचवली. आपल्याकडे बोअरचं पाणी उकळून उकळून पातेल्याला क्षाराचं पूट चढतं, तसं पुटावर पूट. आधी ती हिरवट साल, मग दुधी कॅल्सेडोनी, भिंतीकडून आत. पाण्यात सिलिका पातळ झाली आणि मधे जागा उरली, तर दोऱ्यावर खडीसाखर धरते तसे मोठे स्फटिक मोकळेपणाने वाढले. भोक पूर्ण भरलं तर ठोकळ गार, नाही भरलं तर पोकळ. म्हणजे ही गार ज्वालामुखीच्या आगीत भाजून निघालेली नाही. आग निवल्यावर, सावकाश, पाण्यातून ती साचली आहे. तिच्याभोवतीचा काळा खडक उन्हापावसाने झिजून माती होतो, ही मात्र झिजत नाही, म्हणून वखर धरला की फाळाला लागते ती हीच. आभाळातल्या गारांनी तुमचा हरभरा कितीदा झोपवला असेल. या जमिनीतल्या गारांनी वखराच्या पाशीची धार घालवण्यापलीकडे काही केलेलं नाही.

आता महाराजांचा चंद्रमणी. पत्रिकेबद्दल मी बोलत नाही, तो माझा विषय नाही. दगडाबद्दल मात्र चाळीस वर्षं मुलांना शिकवलंय, तेव्हा तेवढं बोलते. चंद्रमणी, आपल्या जुन्या काव्यातला तो चांदण्यात पाझरणारा चंद्रकांत नव्हे, तर बाजारात त्या नावाने मिळतो तो, फेल्स्पार नावाच्या वेगळ्याच घराण्यातला आहे. त्याच्यात दोन प्रकारचे फेल्स्पार असतात. तापलेले असताना ते एकजीव असतात, सावकाश निवताना ताकावर लोणी यावं तसे वेगळे होतात आणि पापुद्र्यासारख्या पातळ थरांनी एकमेकांत अडकून राहतात. उजेड त्या पापुद्र्यांवर आपटून विखुरला की दगडाच्या पोटात चांदण्यासारखी निळसर झाक हलते. दगड कलता केला की झाक सरकते. चांगला चंद्रमणी श्रीलंकेत मीतियागोडाला निघतो, आपल्याकडे तमिळनाडूत निघतो. तुमच्या काळ्या खडकाच्या भोकांत तो होत नाही. भोकांत पाण्याने साचणाऱ्यांपैकी तो नव्हेच.

तुला घरीच पडताळून पाहता येईल. फुटक्या गारेचा कोपरा घे आणि जुन्या बाटलीच्या काचेवर ओढ. खोल, पांढरा ओरखडा पडेल. विळीच्या पात्याने गारेवरच ओढून पाहा, गारेवर ओरखडा पडायचा नाही, उलट पात्याचंच लोखंड काळ्या रेघेसारखं तिच्यावर घासून येईल. कठीणपणाच्या एक ते दहा या मोजणीत कॅल्सेडोनी साडेसहा ते सात, चंद्रमणी सहाच्या घरात, काच साडेपाचच्या आसपास. एवढ्यावरून दोघांत फरक कळणार नाही, कारण काच चंद्रमण्यानेही ओरखडते. म्हणून फुटलेली कड पाहा. चंद्रमणी फुटताना सपाट, पायरीसारखा फुटतो, दोन अंगांनी जवळजवळ काटकोनात. तुझी गार शिंपल्याच्या आतल्या अंगासारखी वाकडी, लाटालाटांनी फुटली आहे. फोटोतही ते स्वच्छ दिसतं. आणि उन्हात कलती करून पाहा. झाक सरकली नाही, दुधाळपणा जागच्या जागी राहिला, तर चंद्रमण्याचं नाव काढायचं कारण नाही.

शिवाय एक शंका मला छळते. दगड तुमचा असला तरी महाराज 'सिद्ध' करून परत देतील तो तुमचाच असेल कशावरून? चंद्रमण्याच्या नावाने बाजारात दुधी काच सर्रास विकली जाते. काळ्या कापडावर ठेवली की ती निळसर दिसते आणि उजेडासमोर धरली की केशरी-पिवळी. नीट पाहिलं तर आत बारके गोल बुडबुडेही दिसतात. खऱ्या चंद्रमण्यात कधीकधी गोमेच्या पायांसारख्या बारीक चिरा असतात, बुडबुडे नसतात. बरं, खरा चंद्रमणीसुद्धा काही राजेरजवाड्यांचा दगड नाही; मोती परवडत नाही त्याला मोत्याऐवजी सांगतात तो हा उपरत्न. चार हजार एकशे कशाचे, हे विचारायला हरकत नाही. विचारताना आवाज चढवू नकोस म्हणजे झालं, तालुक्याचं गाव लहान असतं.

पोराचं. निकालाच्या आधी झोप न येणं हे मला तरी नवल वाटत नाही. पण रात्रभर झोपत नाही आणि चिडचिड करतो, असं आठवड्याच्या वर चाललं असेल तर त्याला शेजारी बसवून विचारा. नुसतं 'काय झालं' विचारून भागणार नाही. 'नापास झालास तर काय करायचं ते आपण आजच ठरवू' असं बोला. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस नंबर आहे. मनाच्या त्रासाबद्दल तिथे फुकट बोलता येतं आणि मराठीतही बोलता येतं. तो लाजत असेल तर आधी तूच लाव. अंगठी घालायचीच असं घरात ठरलं तर घालू दे, चांदीची अंगठी कोणाला वाईट दिसत नाही. पण तुमच्याच विहिरीतल्या गारेची घाला, सोनाराकडून बसवून, आणि चार हजार एकशे त्याच्या पुढच्या प्रवेशाच्या फीला ठेवा.

आता धाकट्या दिरांकडे येते, कारण मला खरी भीती त्यांचीच वाटते. माणूस वाईट म्हणून नव्हे; हुशार माणसाला व्हिडिओ बघून वाटतं तसंच त्यांना वाटलंय. दगड आपला, मशीन आपली, मग नफा आपला. पण या दगडाला मोल आणणारी गोष्ट फक्त हात. गुजरातेत खंभातला अकिकाचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. कच्चा माल भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या खाणींतून येतो. तिथले कारागीर राखाडी दगड उन्हात वाळवतात, मडक्यात घालून मंद आचेवर तापवतात, मग त्यातल्या लोहाला लाली चढते. मग छाटणं, घासणं, भोक पाडणं, ओप देणं. हडप्पाच्या काळचे लांब तांबडे मणी याच दगडाचे, याच धाटणीचे. जर्मनीत ईदार-ओबरश्टाइन गावाने एकोणिसाव्या शतकात हाच दगड रंगवायची विद्या वाढवली. कॅल्सेडोनीला बारीक छिद्रं असतात, ती रंग पिते. साखरेच्या पाण्यात दिवसेंदिवस ठेवून मग गंधकाच्या तेजाबात घातली की आतली साखर जळून कोळसा होते आणि दगड काळाभोर होतो. जत्रेत जी निळी-गुलाबी-पोपटी चकती मिळते, तिचा रंग बहुतेक वेळा असाच पाजलेला. अशा बाजारात साठ हजारांची मशीन आणि दोन महिन्यांचा अनुभव घेऊन तुम्ही उतरणार, आणि हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून.

हेही मी चालवून घेतलं असतं. नवा धंदा म्हटला की तोटा-नफा आलाच. पण एक गोष्ट मी चालवून घेणार नाही. हा दगड कोरडा घासला की त्याची धूळ उडते, पिठाहून बारीक, आणि ती सिलिकाची असते. फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. जिथे बसते तिथे व्रण धरतो, फुप्फुस हळूहळू ताठ होतं, चार पावलं चालली की दम लागतो. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. गेलेलं फुप्फुस परत आणणारं औषध नाही, आणि अशा माणसाला क्षयही लवकर गाठतो. खंभातच्या घासणाऱ्यांमध्ये हा रोग इतका, की अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने तिथे जाऊन अभ्यास केले. घासणारा तर घासतोच, पण त्याच खोलीत चूल असते, पाळणा असतो. तुमच्या घराची ओसरी मी पाहिलेली नाही, पण मशीन तिथेच बसेल हे मी सांगू शकते. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. दगड ओला ठेवून, धारेखाली घासला, धूळ ओढणारा पंखा लावला, तर धोका कमी होतो. आणि ज्यांच्या विहिरीला पाणी नाही ते धार कुठून आणणार? दिरांना हा परिच्छेद वाचून दाखव.

कायद्याचं थोडक्यात. सातबारा तुमच्या नावावर असला तरी जमिनीतलं खनिज सरकारचं, असं महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं, १९६६च्या, कलम ४८ म्हणतं. अकीक २०१५पासून गौण खनिजांत आहे; क्वार्ट्झही तेव्हाच त्यांत आला होता, पण २०२५मध्ये तो पुन्हा मुख्य खनिजांत गेला. वखरताना चार गारा वर आल्या आणि मुलाने खिशात घातल्या म्हणून कोणी तहसीलदार येत नाही. पण विकायसाठी खोदायचं किंवा गोण्या भरून न्यायच्या, तर आधी तलाठ्याला विचारा. परवानगी आणि स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, दोन्ही लागतात, नाहीतर दंड बसतो. व्यापारी निघून जाईल, सातबारा गावातच राहील.

तीनशेचा भाव वाईट की चांगला हे गोणीत काय आहे त्यावर. साध्या, भरीव, भेगाळलेल्या गारा किलोच्या भावाने जातात आणि त्यात वाहतुकीचं भाडंच जास्त. त्यांना कोणी तीनशे देत असेल तर नवलच. पण पोकळ, आतून चमकणाऱ्या, कड न तुटलेल्या गारा आणि तो सुयांचा झुबका त्याच गोणीत जाणार असतील, तर व्यापारी तुमच्याहून हुशार निघाला. असे नमुने संग्राहक आणि कॉलेजं नगावर घेतात, आणि दाम सगळा अखंडपणाचा. तिकडे सिन्नरला याच दख्खनी खडकातल्या खनिजांचं 'गारगोटी' नावाचं अख्खं संग्रहालय उभं आहे; धुऱ्यावर फेकायची वस्तू काचेमागे कशी दिसते ते दिरांनी एकदा जाऊन पाहावं. तर घणाने फोडून आत काय आहे बघायचा खेळ आजपासून बंद. निघालेली गार वर्तमानपत्रात गुंडाळा, साध्या पाण्याने आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने धुवा. ॲसिड लावू नका.

ॲसिडचं मी अनुभवाने सांगते. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मला असाच सुयांचा झुबका सापडला होता, रेल्वेच्या कामाच्या दगडात. चिखल निघेना म्हणून प्रयोगशाळेतलं ॲसिड ओतलं आणि जेवायला गेले. परत आले तर सुयांच्या जागी खळीसारखा लगदा. तो स्कोलेसाइट होता, झिओलाइटांपैकी एक, आणि ॲसिडमध्ये त्याची अशीच खळ होते. सरांनी काही म्हटलं नाही, नुसतं बशीकडे बघून चष्मा पुसला. या झिओलाइटांच्या पोटात पाणी असतं. १७५६मध्ये क्रोन्स्टेट नावाच्या स्वीडिश माणसाने असा दगड तापवला, तर तो उकळल्यासारखा फसफसला, म्हणून त्याने नाव ठेवलं 'उकळणारा दगड'. चाकूने ओरखडतो, तेवढी परीक्षा पुरे. नमुना मोठा असेल तर तीही नको.

एक वेगळी शक्यता सांगून ठेवते. मातीच्या वरच्या थरात, खडकाच्या वर, भोक पाडलेला किंवा अर्धवट घडलेला मणी मिळाला, तर तो निसर्गाचा नव्हे. नागपूरजवळ माहुरझरीला इसवीसनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली शिलावर्तुळं आहेत, मोठमोठ्या दगडांच्या गोलात पुरलेली माणसं, त्यांच्याबरोबर घोडे, तांब्याचे साज, आणि अकीक-कार्नेलियनचे मणी. अर्धवट राहिलेले मणीही तिथे मिळाले, म्हणजे मणी तिथेच घडत होते. याच आपल्या गारा. तसं काही सापडलं तर विकू नका, तहसीलमध्ये कळवा. निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या ठेव्याचा, कायदा १८७८पासून आहे.

सासूबाईंना विचार, त्यांच्या माहेरी चकमक होती का. माझ्या आजोबांकडे होती. बांबूच्या नळकांड्यात जळका कापूस, एक वाकडी लोखंडी पट्टी आणि तुमच्या विहिरीत निघाली तशी एक गार. गार लोखंडावर आपटली की लोखंडाचा बारीक कीस निघतो आणि हवेत पेटतो. ठिणगी लोखंडाची, दगड फक्त किसणारा. आजोबा जागलीला जाताना काडीपेटी नेत नसत, दवात भिजते म्हणून. पुढे कॉलेजात रसायनाच्या प्रयोगशाळेत तोच दगड मला खल-बत्त्याच्या रूपात भेटला, कारण त्यात काही कुटलं तरी दगडाचा कण मिसळत नाही. तराजूची दांडी ज्या धारेवर डोलायची तीही अकिकाची. सोनार ओप द्यायला त्याचं गुळगुळीत टोक वापरतात. सासूबाईंच्या 'गारगोट्याच त्या'मध्ये मला तरी तुच्छता ऐकू आली नाही. त्यांना दगड माहीत आहे, एवढंच.

आता विहीर.

तुमच्या गारा तुम्हाला काही सांगत असतील तर ते हेच, की तुम्ही लाव्ह्याच्या एका थराच्या वरच्या, भोकाभोकांच्या अंगात आहात. भोकं गारांनी भरली असतील तर त्यात पाणी मावायला जागा नाही, त्यामुळे 'गारा लागल्या म्हणजे पाणी जवळ' असं कोणी सांगत असेल तर मान हलवू नका. पण असा थर लवकर कुजतो, मऊ पडतो, आणि कुजलेल्या जागी पाणी धरतं. याच्याखाली बहुधा घट्ट काळा पाषाण लागेल, गुळाच्या ढेपेचं खालचं अंग. त्यात पाणी फक्त चिरांमध्ये. नुसते सुरुंग लावत त्यातून सरळ खाली जाणं म्हणजे पैशाची माती. त्याच्याही खाली कधीकधी दोन थरांच्या मधे लाल, गेरूसारखा मातीचा पट्टा लागतो. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात उघडा पडलेला खडक कुजून तो झालेला असतो. पट्टा स्वतः चिकण, पाणी सोडत नाही, पण त्याच्या सांध्यातून पाझर मिळण्याची शक्यता असते.

म्हणून पुढचा सुरुंग लावायच्या आधी आजूबाजूच्या चार विहिरी बघा. कुणाची किती खोल, कोणत्या फुटावर पाणी लागलं, तिथे दगड कसा होता, मे महिन्यात किती उरतं. लाल पट्टा त्यांना कुठे लागला तेही विचारा. वहीत लिहा. ती वही घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं कार्यालय असतं, तिथे जा. बघायला माणूस यायला वेळ लागला तरी चालेल, साठ हजारांच्या मशीनपेक्षा ते स्वस्त पडेल. खाली पाषाणच असेल तर खोली वाढवण्याऐवजी विहिरीच्या भिंतीतून, या गारांच्याच थरात, आडवे बोअर मारता येतील का हेही त्यांना विचारा. कुजलेला भाग कोणत्या अंगाला जास्त आहे ते आताच भिंतीवर दिसेल. टिकावाने टोकरून पाहा, जिकडे दगड भुसभुशीत आणि ओलसर लागतो तिकडे चुन्याने खूण कर.

खोदणाऱ्याला सांगून ठेव, लाल माती दिसली की सुरुंग थांबव. आणि दिसली तर फोटो पाठव, गारांचे नव्हे, भिंतीचे.

तुझी मावशी